सूप, मूल आणि दोन हात

मेइनुंग, ३ ऑक्टोबर १९८५

लान मावशी,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. आपण दोघी कधी नीट बोललेलो नाही. तू शेवटची आलीस तेव्हा मी लहान होते आणि तू जाईपर्यंत दाराच्या मागेच उभी होते. मी युनमोय, तुझ्या ताईची धाकटी. फोन करायचा तर वाण्याच्या दुकानात जावं लागतं. तिथे पाच जणं कान लावून बसलेली असतात, आणि नसली तरी माझा आवाज घशातच अडकतो. म्हणून लिहितेय. चुका काढू नकोस, मी शाळा सोडलेली आहे.

गावात एक माणूस आलाय. फान गुरुजी म्हणतात त्याला. उत्तरेकडचा आहे, बोली आपलीच हक्का, पण त्याच्या तोंडात सगळं वरच्या पट्टीत जातं. मामा तर काओश्युंग शहरातच असतो, त्यानं त्याला तुमच्या माहेरची ती जुनी तंबाखूची भट्टी भाड्यानं दिली. आता तिथे कुणी पानं सुकवत नाही. गुरुजींनी ती झाडून घेतली, बाकडी टाकली, आणि दर गुरुवारी दुपारी बायका तिथे जाऊन बसतात.

लिहायवाचायला शिकवत असता तर मला काही वाटलं नसतं. तो म्हणतो, तुमच्या आत अडकलेला एक शब्द घेऊन या. बाई शब्द सांगते. तो कागदावर तो आता लिहितात तसा लिहितो, आणि बाजूला फार जुन्या काळी हाडांवर आणि काशाच्या भांड्यांवर कोरायचे तसं त्याचं चित्र काढतो. हा शब्द कुठून आला ते सांगतो. मग विचारतो, ह्या चित्रात तुम्ही कोण. आणि बाई बोलायला लागते.

आमच्या शेजारच्या त्सेंग काकूनं 'घर' नेलं. तुला माहीत असेलच, त्या अक्षरात वर छप्पर आणि खाली डुक्कर. काकू म्हणाली, "बरोबर आहे की. ह्यांना मी लग्नापासून हेच सांगतेय." सगळ्या हसल्या. मग म्हणे काकू खूप वेळ रडली. का रडली ते कुणी सांगत नाही, मी त्सेंगांच्या सुनेलासुद्धा विचारून बघितलं. पण पूर्वी ती उजाडायच्या आधीपासून अंगण खराट्यानं खरवडत असायची, ती आता उन्हं येईपर्यंत झोपते.

मला संशय येतोय. एक तर तो पैसे घेत नाही. मुळे घेतो, रताळी घेतो. आमचे आजोबा म्हणतात, फुकट देणाऱ्याच्या हाताकडे बघू नये, खिशाकडे बघावं.

आणि कागद. आजोबांचे गुडघे गेले तेव्हापासून अक्षरांची टोपली मी फिरवते. किलुंगला ही पद्धत आहे की नाही मला माहीत नाही. लिहिलेला कागद इथे अजून कुणी केरात टाकत नाही. दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवतात, मी टोपलीत गोळा करते आणि नदीजवळच्या अक्षरांच्या मनोऱ्यात जाळते. राख चांद्र नवीन वर्षाच्या नवमीला नदीत. टोपलीतलं वाचायचं नाही हा आजोबांचा नियम. मला हे काम आवडतं कारण कुणाशी बोलावं लागत नाही. पण गुरुवारचे कागद माझ्या टोपलीत येतच नाहीत. गुरुजी म्हणे बायकांना सांगतो, आपापल्या घरी चुलीत जाळा. का? ज्याला काही लपवायचं नाही तो असं कशाला सांगेल?

आणि आई. ती भाजीची जुडी घेऊन भट्टीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहते. आत जात नाही. ती त्या भट्टीत कधीच पाय ठेवत नाही, मामा गावात असायचा तेव्हा त्यालासुद्धा हाक बाहेरूनच. आता मात्र दर गुरुवारी जाऊन उभी. मी विचारलं तर म्हणते, भात खा.

तू तिची बहीण आहेस. काय करू ते सांग.

युनमोय


किलुंग, १३ ऑक्टोबर

युन,

तुझं अक्षर चांगलं आहे गं. माझं बघून हसू नकोस. मला कुणी शाळेत घातलं नाही, मी बाजारात माशांच्या पाट्या वाचून शिकले. त्यामुळे मला सुरमई, बोंबील आणि कोळंबी न चुकता लिहिता येतात, बाकी देवाच्या भरवशावर.

तुझ्या नाकाला बरोबर वास आलाय. असली माणसं मला माहीत आहेत. आमच्या गोदीवर एक होता, कपाळ बघून रोग सांगायचा. बायकांना रडवायचं, रडणारी बाई काहीही सांगते, आणि सांगितलेलं पुढे कुठे जाईल ह्याला धरबंध नाही. शब्द कुठून आला ह्याच्याशी आपल्याला काय करायचंय? मासा कुठल्या समुद्रातून आला हे गिऱ्हाईक विचारत नाही. ताजा आहे का एवढं विचारतं.

ताई रस्त्याच्या पलीकडे आहे ना, तिथेच राहू दे. गुरुवारी तिला काहीतरी काम काढून दे. मुळ्याचं लोणचं घालायला लाव. तिनं आत जाऊ नये.

गेलीच तर कुठला शब्द नेला ते मला कळव. लगेच कळव.

सोबत सुकवलेले माकूळ पाठवतेय. आजोबांना दातानं चावता येणार नाहीत, त्यांना भिजवून दे.

लान मावशी


मेइनुंग, २७ ऑक्टोबर

मावशी,

माकूळ आजोबांनी न भिजवताच खाल्ले आणि दात दुखतो म्हणून दोन दिवस माझ्यावर चिडले.

आई आत गेली. मी मुळे चिरायला बसवलं होतं, तू सांगितलंस तसं. अर्धे चिरले, हात पुसले आणि उठून गेली. त्सेंग काकू सांगते की आईनं शब्द सांगितलाच नाही. बाकड्याच्या टोकाला बसून वर बघत होती, तंबाखूच्या काठ्या टांगायचे ते वासे आहेत ना, तिकडे. गुरुजींनी तिच्यापुढे चहा ठेवला. घरी आल्यावर आमटीत दोनदा मीठ घातलं. बाबांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं पूर्ण वाडगा संपवला.

मग आजोबांचं आणि गुरुजींचं वाजलं. त्सेंग काकूच्या चुलीत अर्धवट जळालेलं अक्षर आजोबांनी बघितलं. काठी घेऊन निघाले, म्हटल्यावर मी मागून टोपली घेऊन. गुरुजी मनोऱ्यापाशीच भेटला. आजोबा म्हणाले, "अक्षर चुलीत घालता? भाताबरोबर शिजवून खाता की काय?"

गुरुजी चिडला नाही. म्हणाला, "काका, तुमच्या मनोऱ्यात जातं ते देवाला दिलेलं. ह्या बायकांचे शब्द अजून त्यांचेच आहेत. देऊन टाकायची तयारी होईल तेव्हा त्या स्वतः आणून घालतील टोपलीत."

"आणि कधी होणार तयारी?"

"ते मला कसं कळणार."

आजोबा घरी येईपर्यंत पुटपुटत होते, की गोड बोलणाऱ्याला दिलेले मुळे मोजून द्यावेत.

पण मला दुसरंच खटकलं. निघताना गुरुजीनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुझा कुठला शब्द. मी मान हलवली, नाही म्हणून. तो म्हणाला बरं. आणि मावशी, तो माझ्या गळ्याकडे बघत होता. तुला आईनं सांगितलं नसेल. शाळेत फक्त सरकारी भाषा चालायची, हक्का बोललं की गळ्यात लाकडी पाटी घालायचे. दुसरं कुणी बोलताना पकडलं की पाटी त्याच्या गळ्यात. मला दुसऱ्याला पकडता आलं नाही, म्हणजे ऐकू यायचं पण सांगवायचं नाही. पाटी माझ्याच गळ्यात राहिली, मास्तर विसरूनही गेले. मग मी शाळेत जाणंच सोडलं. हे गुरुजीला कुणी सांगितलं? आई आत जाऊन हे सांगून आली का? तू म्हणालीस तसं, सांगितलेलं पुढे कुठे जाईल काही नेम नाही.

मी ठरवलंय. भट्टीच्या मागच्या भिंतीला वर चढायच्या खुंट्या आहेत. वर धूर बाहेर जायची लहान खिडकी आहे, तिच्यातून आत वाशांवर उतरता येतं. पुढच्या गुरुवारी बायका यायच्या आधी मी वर जाऊन बसणार. तो काय लिहून ठेवतो, कुठे ठेवतो, सगळं दिसेल.

युन


किलुंग, १ नोव्हेंबर

युन,

वर चढू नकोस. पडशील. त्या वाशांना वाळवी असेल.

आईला सांग मी आजारी आहे. छातीत दुखतं म्हण. गुरुवारच्या आतच निघ म्हणावं, बुधवारच्या गाडीनं. मी इकडून तार येईल असं करते. खोटं बोलायला सांगतेय हे मला कळतं. तू गप्प पोरगी आहेस, गप्प माणसाचं खोटं कुणी पकडत नाही.

तिनं त्या भट्टीत बसायला नको. बाकी कुठेही बसू दे, देवळात बसू दे, न्हाव्याच्या दुकानात बसू दे.

लान


मेइनुंग, १० नोव्हेंबर

मावशी,

तार आली. आईनं ती दोनदा माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "हिला छाती कधीपासून आहे?" मग म्हणाली, लान आजारी असली की कळवत नाही, बरी झाल्यावर कळवते. तार तिनं दाराच्या खिळ्याला अडकवली, माझ्या टोपलीसाठी. माझं तोंड उघडलंच नाही. खोटं बोलायलासुद्धा आवाज लागतो.

आणि मला आता तुझाच संशय येतोय. राग मानू नकोस. गुरुजी काय करतो ह्याच्यापेक्षा आई काय बोलेल ह्याची तुला जास्त भीती वाटतेय. नाहीतर देऊळ चालेल, न्हावी चालेल आणि भट्टी नको, असं कशाला? तू चार डोंगर आणि अर्धं बेट पलीकडे आहेस. तिथून तुला ह्या भट्टीचं काय?

म्हणून मी चढले. वाळवी नाहीय. धूळ आहे आणि अजून तंबाखूचा वास आहे. मी दोन वाशांच्या मध्ये, भिंतीला टेकून बसले. खालून दिसत नाही, अंधार असतो. गुरुजीनं येऊन बाकडं पुसलं, चहा ठेवला, एकटाच गुणगुणला आणि फार बेसूर गुणगुणला. काही लपवलं नाही. वहीच नव्हती त्याच्याकडे. मला जरा वाईटच वाटलं.

मग बायका आल्या. आई सगळ्यात शेवटी. आधी ल्यू आजींचा शब्द झाला, तो मी सांगत नाही, त्यांचा आहे. मग आई म्हणाली, "माझा आहे."

ती 'टाकून देणे' म्हणाली.

गुरुजीनं लिहिला. मग जुना काढला. मी वरून बघत होते म्हणून मला उलटा दिसत होता, तरी कळला. खाली दोन हात. हातांवर सूप, आपण भात पाखडतो ते. सुपात एक लहान मूल. गुरुजी म्हणाला, हे फार जुनं चित्र आहे, मूल सुपात घालून घराबाहेर नेतात ते. नेणाऱ्याचं तोंड काढलेलं नाही, फक्त हात. मग नेहमीसारखं विचारलं, "ह्यात तुम्ही कोण? मूल, सूप, की हात?"

आईनं कागद आपल्याकडे ओढला. त्सेंग काकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिनं काढला.

"मी ह्यात नाहीच," ती म्हणाली. "मी वर होते."

आणि बोट वर केलं. मावशी, तिथल्या सगळ्या बायकांनी वर बघितलं.

मी पाय आखडून घ्यायला गेले आणि धुळीचा लोट गुरुजीच्या चहात पडला. त्सेंग काकू म्हणाली, "अगंबाई, घुबड." मला वाटलं आता आई फाडून खाणार. पण आई ओरडली नाही. माझ्याकडे बघत होती, पण मला वाटतं ती मला बघतच नव्हती. मग वर बघतच बोलायला लागली. मी तसं लिहितेय जसं ती बोलली, कारण हे तुझ्याबद्दल होतं.

ती म्हणाली, लियुग्वेइ गावचा माणूस येणार होता. त्याला पोरगी हवी होती, मोठी झाल्यावर सून करायला. अगदी लहान नको होती, लगेच कामाला लागेल अशी हवी होती. मला द्यायचं ठरलं. मला नवीन निळा सदरा शिवला. मी ऐकलं आणि इथे येऊन वर चढले. चढताना एक लाकडी चप्पल निसटून खाली पडली, शिडीच्या पायाशी. मी वरून तिच्याकडे बघत होते. म्हटलं आता सापडले. बाबा आले, तो माणूस आला, आत येऊन हाका मारल्या. चप्पल कुणाला दिसली नाही. मग बैलगाडीचा आवाज झाला. मी उतरले तर लान नव्हती. तिला नेली. माझा सदरा घालून नेली.

आई एवढंच बोलली. शेवटी म्हणाली, "तिला माहीत नाही. तिला वाटतं तिलाच द्यायचं होतं."

कुणी रडलं नाही. गुरुजीनं शहाणपणा शिकवला नाही. कागदाची घडी घालून आईच्या हातात दिली. मी खाली उतरले तेव्हा आईनं माझ्या केसांतलं जाळं काढलं आणि म्हणाली, चल, मुळे तसेच पडलेत.

तू लहानपणी दिलेली आहेस हे मला माहीत होतं. त्यात काय, गावात अर्ध्या घरांतून कुणी ना कुणी दिलेलं आहे. पण हे माहीत नव्हतं.

तुला माहीत होतं का?

युन


मेइनुंग, २० डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं असं रोज वाटतं. आईनं स्वतः तुला सांगितलं नाही आणि मी सांगून टाकलं. म्हणजे पाटीच्या वेळी एकाचंही नाव सांगितलं नाही आणि आता आईचंच सांगितलं. मी तिला हे कबूल केलं. तिनं मारलं नाही. "टपाल गेलं?" एवढं विचारलं. आता टपालवाल्याची सायकल वाजली की ती हात पुसून बाहेर येते, आणि तो पुढे गेला की परत आत.

तंबाखूची तोडणी चालू आहे, आम्ही सगळे भट्टीच्या शेजाऱ्यांकडे जातो. हात काळे आणि चिकट, साबणानं निघत नाहीत. आई तो कागद जाळत नाही. एप्रनच्या आतल्या खिशात घेऊन फिरते, कपडे धुताना काढून ठेवते आणि परत घालते. भात नीट खात नाही. गुरुजीकडे जाते पण शब्द नवीन नेत नाही, नुसती बसते. बाबा मला म्हणाले, तुझ्या मावशीला लिही, ही अशी किती दिवस राहणार. बाबा असं कधी म्हणत नाहीत.

मी संशयी आहे हे तुला कळलंच आहे. पाटी गळ्यात आली तेव्हापासून मी लोकांच्या तोंडांपेक्षा पायांकडे जास्त बघते. म्हणून एक विचारते. आई म्हणते चप्पल कुणाला दिसली नाही. आणि मी नंतर विचारलं, उतरल्यावर ती कुठे होती, तर म्हणाली, पानांच्या टोपल्यांच्या मागे, अगदी भिंतीपाशी. आईनं ह्याचा कधी विचार केलेला नाही. घुशीनं ओढली असेल म्हणते.

मी भट्टीत जाऊन बघितलं. शिडीच्या पायापासून ती जागा लांब आहे. लाकडी चप्पल घूस कशाला ओढेल? खायची का?

त्या दिवशी भट्टीत तुमचे बाबा आणि तो माणूस ह्यांच्याशिवाय अजून कोण आलं होतं?

युन


किलुंग, १४ जानेवारी १९८६

युन,

तुला पोलिसात घालायला हवं होतं.

पत्राला उशीर झाला कारण चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा माशाच्या पुडीला वापरलं. तुझ्या आजोबांना सांगू नकोस, अक्षरांना मासे बांधले म्हणतील.

मी आले होते. मी बाबांच्या मागून आत आले. मला त्या वेळी सगळ्यांच्या मागून फिरायची सवय होती. दाराशी त्या माणसाचा पाय होता, त्याच्या पलीकडे शिडी, आणि शिडीच्या पायाशी ताईची चप्पल. तिच्या पट्ट्याला लाल दोरा बांधलेला होता, तो मीच बांधला होता, आदल्या दिवशी तुटला म्हणून. बाबा दुसऱ्या कोपऱ्यात हाका मारत होते. मी पायानं चप्पल ढकलली. एकदा ढकलली, मग दुसऱ्यांदा, टोपल्यांच्या मागे जाईपर्यंत. आणि मी वर बघितलं नाही. मला माहीत होतं ती वर आहे. आम्ही दोघी तिथेच तर लपायचो. मी वर बघितलं असतं तर बाबांनीही बघितलं असतं.

तू मला मोठी चांगली समजू नकोस. मला वाटलं तो माणूस कंटाळून जाईल आणि संध्याकाळी ताई खाली येईल. मी लपाछपीत जिंकवून देतात तसं केलं. मला नेतील हे मला कळलंच नव्हतं. निळा सदरा अंगात घातला तेव्हा कळलं. बाह्या इतक्या लांब होत्या की आईनं त्या तीन वेळा दुमडल्या, आणि दुमडताना माझ्याकडे बघितलं नाही. गाडीत बसल्यावर मी ओरडू शकले असते, ताई वर आहे. नाही ओरडले. का ते मला आजही सांगता येत नाही. तुझ्या गुरुजीला विचार त्या चित्रात असलं कुणी आहे का, जे आपणच सुपात जाऊन बसलं.

रागसुद्धा आला मला. खूप वर्षं आला. लियुग्वेइत सरपण फोडताना यायचा, हात फुटले की यायचा. मग पोरं झाली आणि तो कुठेतरी राहून गेला.

तिथे यायचं मी का बंद केलं ते तुला सांगते. मी आले की ताई माझ्यापुढे कोंबडी ठेवायची, भाजलेलं आलं ठेवायची, शेवया ठेवायची, आणि स्वतः चुलीपाशी उभी. बस म्हटलं तर बसायची नाही. माझ्या समोर बसून तिनं एक घास खाल्लेला मला आठवत नाही. मला वाटलं मी आले की तिचं जेवण बंद होतं, तर न येणं बरं. तिला वाटतं मला माहीत नाही, तेवढ्यावर तरी ती जगतेय. मला माहीत आहे हे कळलं तर काय करेल? ह्या भीतीनं मी तुला खोटं बोलायला सांगितलं. त्या गुरुजीवर संशय घ्यायला लावला. तो लबाड असेल नसेल, मला त्याची फिकीर नव्हती. मला भट्टीची भीती होती.

हे पत्र तिला वाचून दाखव. तिला वाचता येत नाही आणि मला बोलता येत नाही. तुला दोन्ही येत नाही असं तू म्हणतेस, पण मला तसं वाटत नाही.

तिला सांग, मी वर बघितलं नाही ते तू वर होतीस म्हणून.

आ-लान (ताई मला अशीच हाक मारायची)


मेइनुंग, ३ फेब्रुवारी

मावशी,

वाचून दाखवलं.

मी आधी बाबांना सांगणार होते वाचायला. मग म्हटलं पत्र माझ्या नावानं आलंय. आई चुलीपाशी होती, शेंगदाणे भाजत होती. मी मोठ्यानं वाचलं, सगळं हक्कातच. पहिल्या ओळीला आवाज निघाला नाही, दुसऱ्या वेळी निघाला. मध्ये कुणी येऊन पाटी घालेल असं वाटत राहिलं, कुणी आलं नाही. आजोबा बाहेरच्या खोलीत होते. माशाच्या पुडीचं आलं तेव्हा ते खाकरले, पण आत आले नाहीत.

लाल दोऱ्याचं आलं तेव्हा आईनं शेंगदाणे हलवायचं थांबवलं. ते करपले. वास भरला तरी कुणी कढई उतरवली नाही. मी संपवलं. आई म्हणाली, "परत वाच, दोऱ्यापासून." मी वाचलं. मग म्हणाली, "तिला लाल दोरा कुठे मिळाला असेल?" मला काय माहीत. ती म्हणाली, "आमच्या आईच्या शिवणाच्या डब्यातला असणार. त्यासाठी तिनं मार खाल्ला असणार." आणि मग ती रडली, मावशी. मी कधी बघितलेलं नाही. मोठ्यानं रडत नाही ती, नाकानं आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन निघाले तर म्हणाली, थांब. एप्रनमधून तो कागद काढला. माझ्या पाठीवरच्या टोपलीत तिनं स्वतः घातला, आणि मनोऱ्यापर्यंत माझ्या बरोबर चालत आली. गुरुजी वाटेत दिसला. त्यानं टोपलीकडे बघितलं, आणि आईनं एक मुळा दिला त्याला, मोठा. आजोबा आता म्हणतात मुळे मोजायची गरज नाही. मी अजून मोजते. संशय माझा पूर्ण गेलेला नाही, तो इतकं बेसूर का गातो तेही मला कळलेलं नाही. मी अजून माझा शब्द त्याला सांगितलेला नाही. पण कुठला ते मला आता माहीत आहे.

राख नवीन वर्षाच्या नवमीला नदीत जाणार. मिरवणूक निघते, तुला आठवत असेल. आईचा निरोप आहे. तिनं जसा सांगितला तसाच लिहिते: "ये. छाती दुखत असली तरी ये. कोंबडी करणार नाही, साध्या शेवया करेन."

काल तिनं बाबांकडून जेवणाच्या खोलीतली दोन स्टुलं दुरुस्त करून घेतली, एक डुगडुगत होतं. टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवली. मग मला हाक मारून एकावर बसवलं, तुझ्या जागेवर, आणि स्वतः समोर बसून बघितलं. पुढ्यात रिकामा वाडगा घेऊन बराच वेळ बसली होती. उठायला लागली, आणि परत बसली.

युन